घाबरण्याचा खेळ : मुलांचा हॅलोविन आणि आपली सोंगे

झोपताना दिवा मालवू न देणारे आणि अंगणाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एकटे जायला नकार देणारे सहा वर्षांचे मूल दुकानात गेले की नेमका कवटीचा मुखवटा मागते. घरी आल्यावर तो लावून आजीला घाबरवते, आजी खरोखर दचकली की टाळ्या पिटते, आणि रात्री पुन्हा दिव्यासाठी हट्ट धरते. ज्या गोष्टीची भीती वाटते तीच गोष्ट मूल खेळायला का घेते, हे कोडे घरोघरच्या पालकांना पडलेले असते. ऑक्टोबर संपत आला की आता त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडते. ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन राहुरीसारख्या तालुक्याच्या गावाचा परंपरागत सण नाही. पण कार्टून, यूट्यूब आणि परदेशात राहणाऱ्या मावस-चुलत भावंडांचे व्हिडिओ कॉल यांच्यामुळे तो इथल्या मुलांना ठाऊक झाला आहे. ‘आपणही करू या ना’ असा आग्रह सुरू झाला की काही पालक बाजारातून रबरी मुखवटे आणून देतात, तर काही ‘असली थेरं आपल्यात नाहीत’ म्हणून विषय मिटवतात. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. सण कोणत्या देशातून आला याच्यापेक्षा त्यातल्या भीतीचा लगाम कोणाच्या हातात राहतो, हे जास्त महत्त्वाचे आहे. तो मुलाच्या हातात असेल तर हा खेळ त्याला धीट करतो. मोठ्यांच्या किंवा दांडग्या मुलांच्या हातात गेला तर तोच खेळ छळ होतो.

भीती आधी येते, विचार मागून

अचानक आवाज झाला, अंधारात काही हलले, तर आपण आधी दचकतो आणि ते काय होते हे नंतर ओळखतो. मेंदूच्या आत, कानशिलांच्या पातळीवर, बदामाच्या आकाराचे दोन छोटे भाग असतात. त्यांना अमिग्डाला म्हणतात. धोक्याची नुसती चाहूल लागली तरी हे भाग शरीराला सावध करणाऱ्या साखळीला चालना देतात. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, श्वास जलद होतो, तळहातांना घाम येतो. कपाळामागचा मेंदूचा भाग परिस्थिती नीट तपासतो, पण त्याला थोडा जास्त वेळ लागतो. ‘अरे, हा तर बाबाच आहे’ असा निर्वाळा त्याच्याकडून आला की भीती ओसरते. शरीरातली तरतरी मात्र लगेच जात नाही. धोका टळल्याची सुटका आणि ती उरलेली तरतरी एकत्र आली की मुलाला हसू फुटते. आईने पदराआडून ‘भॉक’ केले की तान्हे मूल खिदळते आणि अनोळखी माणसाने तेच केले की टाहो फोडते, याचे कारण हेच. कृती एकच असते. फरक असतो तो समोरच्या माणसावरच्या विश्वासाचा.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना मुलाच्या पाठीला सुका भोपळा बांधत. पाणी पुरुषभर खोल असे, त्यामुळे धडकी खरीच असे. पण पाठीवर भोपळा आणि काठावर काका असल्यामुळे मूल हात-पाय मारायला धजत असे. भीतीच्या खेळातही पाणी आणि भोपळा दोन्ही लागतात. नुसता भोपळा असेल तर मूल कंटाळते, नुसते पाणी असेल तर हादरते. हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी वेय्ले या गावाजवळच्या एका भुताच्या घरात शिरणाऱ्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले, ते कुठे दचकतात हे कॅमेऱ्यांवर पाहिले आणि बाहेर आल्यावर त्यांना किती मजा आली हे विचारले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भीती आणि मजा यांचा आलेख उलट्या वाटीसारखा निघाला. भीती वाढत गेली तशी काही मर्यादेपर्यंत मजाही वाढली, आणि तिच्यापुढे भीती वाढूनही मजा घटत गेली. हे लोक स्वतःच्या इच्छेने तिकीट काढून आत गेले होते, त्यांत लहान मुले नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे. लहानांच्या बाबतीत ती मर्यादा फार लवकर येते आणि प्रत्येक मुलाची वेगळी असते. म्हणून घरच्या खेळात मापाचे एकच साधन भरवशाचे आहे : मुलाचा चेहरा.

बागुलबुवा नेमका इथेच चुकतो. ‘जेव, नाही तर बागुलबुवा येईल’ असे म्हणताना भीतीचे माप पूर्णपणे मोठ्यांच्या हातात असते. बागुलबुवा कधी येणार, कसा दिसतो, त्याला परत कसे पाठवायचे, यातले काहीच मुलाला कळत नाही. तो दिसत नाही म्हणूनच तो जास्त भयंकर असतो. याउलट मुलाने स्वतः कागद कापून राक्षसाचे तोंड तयार केले, त्याला दात काढले, रंग दिला, तर तो राक्षस त्याच्या हुकमातला होतो. अंधाराला घाबरणारे मूल मुखवटा मागते ते यासाठीच. ज्याचे भय वाटते, ती वस्तू एकदा आपल्या मुठीत धरून पाहावी, अशी त्याची धडपड असते.

मुखवट्यामागे कोण आहे?

मुखवटा लावलेला माणूस तोच राहतो, ही गोष्ट मोठ्यांना इतकी उघड वाटते की लहानांना ती शिकावी लागते हे आपल्या ध्यानातच येत नाही. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या रीटा डेव्रीस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर मेनर्ड नावाचे एक गरीब मांजर ठेवले. मुलांनी त्याला कुरवाळले. मग मांजराचे डोके आडोशाला घेऊन त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला. शेपटीकडचा भाग सगळा वेळ मुलांना दिसत होता. तरीही तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना ते आता कुत्राच झाले आहे असे वाटले. त्याच्या पोटात कुत्र्याची हाडे आहेत, असेही काहींनी सांगितले. सहा वर्षांच्या मुलांना मात्र आत मांजरच आहे हे कळत होते. यावरून घरातल्या चिमुरड्याच्या रडण्याचा अर्थ लागतो. बाबांनी वाघाचे तोंड लावले म्हणजे तीन वर्षांच्या मुलासाठी बाबा नाहीसे होऊन वाघ आलेला असतो. ‘एवढं काय घाबरायचं’ असे म्हणून त्याची समजूत निघत नाही. मुखवटा त्याच्या डोळ्यांदेखत हळूहळू चढवला, उतरवला, पुन्हा चढवला, आणि मग त्याच्याच हातात दिला, तर निघते.

मुखवट्याचा दुसरा परिणाम मोठ्या मुलांवर होतो. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एड डीनर आणि सहकाऱ्यांनी सिअ‍ॅटल शहरात हॅलोविनच्या रात्री २७ घरांत एक प्रयोग मांडला. वेश करून खाऊ मागायला आलेल्या १,३५२ मुलांना ‘प्रत्येकाने एकच गोळी घ्या’ असे सांगून घरातली बाई आत जाई आणि आडून कोणी तरी पाहत असे. काही मुलांना आधी नाव आणि पत्ता विचारला होता, काहींना नाही. नाव सांगून एकट्याने आलेल्यांपैकी सुमारे साडेसात टक्के मुलांनी जास्त घेतले. नाव न सांगता टोळक्याने आलेल्यांमध्ये हे प्रमाण ५७ टक्क्यांवर गेले. मुले तशीच होती. ओळख पुसली गेली आणि सोबत गर्दी मिळाली, एवढाच फरक होता. आपल्याकडे दारात आलेल्या पोराला ‘कोणाचा रे तू?’ असे विचारायची रीत आहे. ती या खेळात आवर्जून पाळावी. ‘भुताचं नाव काय? कोणत्या गल्लीतलं भूत?’ असे विचारले की मूल हसत आपले नाव सांगते. तेवढ्याने धिंगाण्याला आळा बसतो आणि भूत हे शेजारच्या घरातले मूल आहे हे सोबतच्या लहानग्यालाही कळते.

आपल्याकडची सोंगे

‘हे आपले नाही’ हा आक्षेप मुखवटे आणि दारोदार फिरणे यांच्याबद्दल असेल तर तो टिकत नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात आणि पुढे नाशिक-पालघरच्या डोंगरी गावांत बोहाडा होतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठे मुखवटे चढवून गावकरी देव-दानवांची सोंगे नाचवतात. गणपती, मारुती येतात तशी त्राटिका येते, रावण येतो. लहान मुले आईच्या मांडीवर बसून हे पाहतात, आणि त्राटिकेच्या मुखवट्याआड आपल्याच गावातला कोणी तरी आहे हे त्यांना माहीत असते. बहुरूपी तर आपल्या साऱ्या मुलखात दारोदार फिरत आला. कधी पोलीस, कधी यमराज अशी बतावणी करून तो घरच्यांना क्षणभर फसवी आणि हसवून पसाभर धान्य घेऊन जाई. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन घरोघर जातात, पुष्कळदा वेशभूषाही करतात, आणि त्यांना बोजारा म्हणून खाऊ किंवा पैसे मिळतात. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केल्याचे सांगतात. आपल्या ग्रामीण भागात वसुबारसेपासून गुराखी पोरे गवताची विणलेली दिवटी पेटवून गायी-म्हशी ओवाळत घरोघर जात. हॅलोविनच्या खाऊ मागण्याशी याचे किती साम्य आहे, हे वेगळे सांगायला नको.

खुद्द हॅलोविनही एका जागचा राहिलेला नाही. आयर्लंडमधल्या जुन्या केल्टिक लोकांचा सुगी सरताना आणि हिवाळा लागताना होणारा साव्हिन हा सण त्याच्या मुळाशी मानतात. पुढे १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबरचा सर्व मृतांचा दिवस हे ख्रिस्ती दिवस त्याच्या शेजारी आले. आयरिश लोक सलगमाचा गड्डा कोरून त्यात दिवा ठेवत. ते अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा मिळाला, तो सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा होता, म्हणून दिवा भोपळ्यात गेला. आपला लाल भोपळा, म्हणजे डांगर, हाही मूळचा अमेरिका खंडातला आहे आणि तरी घारग्यांमुळे तो आपल्या सणावारांत मुरून गेला. राहुरी-श्रीरामपूरच्या भागात ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, हरेगावची मतमाउलीची यात्रा सर्वांच्या परिचयाची आहे. कॅथलिक घरांतून २ नोव्हेंबरला दिवंगतांसाठी प्रार्थना होते, कबरींवर मेणबत्त्या लावतात. तो दिवस गंभीर स्मरणाचा आहे. मुलांच्या भुताखेतांच्या खेळाशी त्याची सरमिसळ करू नये, जसे आपण पितृपक्षाची करणार नाही.

शिवाय ३१ तारखेलाच अडून बसायचे कारण नाही. २०२४ साली त्याच दिवशी नरकचतुर्दशी होती. दिवाळी बहुतेक वेळा हॅलोविनच्या दोन-तीन आठवडे मागे-पुढेच येते. अंगणात मातीचा किल्ला उभा असतोच, त्याच्या पायथ्याच्या गुहेत एक राक्षस बसवायला मुलांना कोण आनंद होईल.

भूत घरी बनवावे

माझ्या मते या सणातला सर्वांत मोलाचा भाग मुखवटा लावून फिरणे हा नसून भूत तयार करणे हा आहे. बनवताना मुलाला कळते की भीती ही दिसण्याच्या, ऐकण्याच्या आणि अपेक्षेच्या खेळातून उभी राहते. सुरुवात बॅटरीने करावी. अंधाऱ्या खोलीत आरशासमोर उभे राहून बॅटरी आधी डोक्यावरून आणि मग हनुवटीखालून धरायला सांगावी. ओळखीचा चेहरा एकदम भेसूर होतो. सूर्य असो की घरातला दिवा, उजेड वरून पडण्याची आपल्या नजरेला जन्मभराची सवय असते आणि कपाळ, नाक, गाल यांचे उंच-सखलपण मेंदू त्या हिशेबाने वाचतो. उजेड खालून आला की सावल्या उलट्या पडतात, डोळ्यांच्या खोबणी आणि नाकपुड्या भलत्याच दिसतात, वाचन चुकते. भोपळ्याच्या आत दिवा ठेवला की त्याचे तोंड रागीट दिसते, त्यामागे आणखी एक सवय असते. दोन छिद्रे आणि खाली एक फट एवढे दिसले तरी मेंदू तिथे चेहरा पाहतो. ढगांत, भिंतीच्या ओलीत, झाडाच्या खोडात चेहरे दिसतात ते याच सवयीने.

दुसरा प्रयोग थोडा खटपटीचा, पण मुलांना वेड लावणारा आहे. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत १८६२ साली जॉन पेपर यांनी रंगमंचावर आरपार दिसणारे भूत आणून प्रेक्षकांना थक्क केले होते. त्यांची सगळी करामत एका काचेत होती. काच बराचसा उजेड पार जाऊ देते आणि थोडासा परतवते. दिवसा खिडकीबाहेरचा उजेड भरपूर असल्याने परतलेला उजेड जाणवत नाही. रात्रीच्या एसटीत मात्र बाहेर काळोख आणि आत दिवा असतो, म्हणून खिडकीत आपलाच चेहरा बाहेरच्या झाडांवर तरंगताना दिसतो. घरी एका खोक्याचा समोरचा भाग उघडा ठेवावा, आत फाइलचे पारदर्शक प्लॅस्टिक तिरपे उभे करावे आणि बाजूला, पाहणाऱ्याला न दिसेल अशा कप्प्यात पांढरी बाहुली ठेवावी. खोके अंधारात ठेवून फक्त बाहुलीवर बॅटरी मारली की रिकाम्या खोक्यात भूत उभे राहते, बॅटरी विझवली की नाहीसे होते. हे भूत शेजारच्या मुलांना आधी दाखवावे आणि लगेच त्यामागची युक्तीही सांगावी. हे ‘लगेच’ विसरून चालणार नाही.

भोपळा कोरायचे काम मोठ्यांनी करावे. त्याची साल टणक असते आणि सुरी सटकते. मुलांनी सालीवर चेहरा काढावा, चमच्याने आतला गर खरवडावा. गराचे घारगे होतील, बिया धुऊन वाळवता येतील. आत पेटती पणती ठेवण्यापेक्षा बॅटरीचा छोटा दिवा ठेवावा. दिवाळीच्या दिवसांत अंगणभर पणत्या आणि फटाके असतात आणि तयार मिळणारे काळे झगे बहुधा नायलॉन-पॉलिस्टरचे असतात. असे कापड पेटले तर वितळून अंगाला चिकटते. आईची जुनी सुती ओढणी, बाबांचा सदरा आणि तोंडाला कोळशाऐवजी हळद-कुंकवाचा किंवा त्वचेला चालणाऱ्या रंगाचा हात, एवढ्यात सोंग उभे राहते. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मुखवट्यातून बाजूचे दिसत नाही, हेही आहेच.

> चौकट : वयाप्रमाणे भीतीचे माप
> तीन वर्षांपर्यंत चेहरा झाकणारे काहीच नको. प्राण्यांचे कान, शेपटी, रंगीत कंदील पुरेत. चार ते सहा वर्षांची मुले सोंग आणि खरे यांच्या सीमेवर असतात, म्हणून सोंग त्यांच्यासमोरच चढवावे, आधी आरशात पाहू द्यावे आणि अंधार नको. सात वर्षांपुढे सावल्यांचे नाटक, भुताच्या गोष्टी आणि काचेतले भूत चालते. मात्र ‘पुरे’ हा शब्द आधीच ठरवून घ्यावा. कोणाही मुलाने तो उच्चारला की दिवा लागलाच पाहिजे, चेष्टा न करता.

यातून अंधश्रद्धा वाढेल का?

हा आक्षेप परदेशीपणाच्या आक्षेपापेक्षा कितीतरी वजनदार आहे. महाराष्ट्रात भुताखेतांच्या भीतीवर मांत्रिकांची दुकाने चालत आली. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी कायदा झाला. अशा राज्यात मुलांच्या हाती भूत का द्यावे, असे कोणी विचारले तर त्याला उत्तर देणे भाग आहे. माझे उत्तर असे की भूत झाकून ठेवल्याने त्याची सत्ता कमी होत नाही. त्याची घडण दिसली की कमी होते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून बुवांचे चमत्कार आधी करून दाखवतात आणि मग त्यामागचे रसायन उलगडतात, त्याचे मर्म हेच आहे. नुसती मनाई ऐकलेल्या मुलापेक्षा काचेतले भूत स्वतः उभे केलेले मूल उद्या एखाद्या भोंदूच्या अंगाऱ्याकडे अधिक चौकसपणे पाहील, असे मानायला जागा आहे. पण युक्ती सांगितलीच नाही, ‘त्या वाड्यात खरंच आहे’ अशी पुस्ती जोडली, तर आक्षेप घेणारेच बरोबर ठरतील.

एका सोंगाला मात्र माझा ठाम विरोध आहे. टोकदार टोपीची, वाकड्या नाकाची म्हातारी चेटकीण परदेशी चित्रांत गमतीची वाटते. आपल्या राज्यात, विशेषतः नंदुरबारच्या सातपुड्यात, जिवंत बायकांना डाकीण ठरवून मारझोड झाली आहे, त्यांना गावाबाहेर काढले गेले आहे. म्हातारी, एकटी बाई म्हणजे भीतीची गोष्ट, हा धडा मुलांना खेळातूनही मिळू नये. वेडसर माणूस, अपंग माणूस, एखाद्या जातीचा किंवा जमातीचा पेहराव हीदेखील सोंगे नव्हेत. राक्षस, सांगाडा, वटवाघूळ, घुबड, परग्रहावरचा प्राणी यांची यादी मुलांच्या कल्पनेला भरपूर पुरते.

खरा धोका कुठे असतो?

अमेरिकेत अनोळखी लोक गोळ्यांतून विष देतात ही भीती पिढ्यान्‌पिढ्या पसरली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने असा खाऊ वाटून मूल दगावल्याचे एकही पक्के उदाहरण त्यांना सापडले नाही. धोका भलतीकडेच होता. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतल्या अपघातांच्या अभ्यासात असे दिसले की हॅलोविनच्या संध्याकाळी रस्त्यावर पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूंचे प्रमाण एक आठवडा आधीच्या आणि एक आठवडा नंतरच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त होते. गडद कपडे, अंधार आणि पळापळ ही कारणे तिथे होती, तशी इथेही असतील.

राहुरीत हा हिशेब आणखी काटेकोरपणे करायला हवा. अहिल्यानगर-मनमाड महामार्ग गावातूनच जातो आणि शिर्डी-शनिशिंगणापूरच्या भाविकांची वाहने त्यावर अहोरात्र धावतात. ऑक्टोबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि साडेसहाला अंधार दाटतो. गळीत हंगाम तोंडावर असतो, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येऊ लागतात, आणि मागे लाल पट्टी किंवा दिवा नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही. वस्तीवर राहणाऱ्यांना बिबट्याचाही विचार करावा लागतो. अकोले परिसरात कॅमेरे लावून केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात शेतीच्या, दाट वस्तीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. उभा ऊस त्यांना लपायला सोयीचा असतो, आणि संध्याकाळी एकटे, वाकून चाललेले लहान मूल सर्वांत असुरक्षित असते. म्हणून दारोदार फिरण्याचा खेळ उजेडात, चार ते सहाच्या दरम्यान, आधी सांगून ठेवलेल्या सात-आठ घरांपुरता करावा. सोबत मोठे माणूस असावे. अंधार पडल्यावरचा सगळा खेळ एका अंगणात, एका छपराखाली व्हावा. खाऊचे म्हणाल तर चकली, चिक्की, शेंगदाण्याचा लाडू घराघरांत असतोच. पाच वर्षांखालच्या मुलांना कडक गोळ्या आणि अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात.

हंगामाच्या याच दिवसांत बीड, पाथर्डी, शेवगावकडून ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात उतरतात आणि त्यांची मुले कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. घरी मुखवटे करायला पुठ्ठा, खळ आणि रंग काढाल तेव्हा चार-पाच मुखवट्यांचे सामान जास्त घ्या, जवळच्या कोप्यांवर जाऊन त्या मुलांच्या आईवडिलांना विचारा, आणि त्यांनाही तुमच्या अंगणात बोलवा.